शनिवारचे पैसे

गेल्या मंगळवारी माझा इंग्रजीचा क्लास सुरू व्हायच्या आधी मेक्सिकोतल्या पुएब्लाचा एक मुलगा, मुलगा म्हणजे असेल सव्वीस-सत्तावीसचा, माझ्या टेबलाशी आला आणि मोबाईल पुढे केला. बॉसला पाठवायचा मेसेज टाइप करून ठेवला होता, पाठवला नव्हता. "टीचर, इज गुड?" मेसेज होता: यू डोन्ट पे मी सॅटर्डे.

मी म्हटलं थांब, क्लास संपल्यावर बसू. पाचच शब्द, चूकही एकच, पण ती दुरुस्त करायची तर याला नक्की काय म्हणायचंय ते आधी कळायला हवं ना, आणि तेच मला कळलं नव्हतं.

आधी जागा सांगते. न्यूयॉर्कमधलं क्वीन्स, त्यातलं जॅक्सन हाइट्स. 74व्या स्ट्रीटवर आपली दुकानं, कढीपत्ता, सोन्याचे सेट, पाणीपुरी, सगळं. कोपरा वळून रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूला लागलं की डोक्यावरच्या लोखंडी पुलावरून सात नंबरची ट्रेन धडधडत जाते आणि खाली सगळं स्पॅनिश, कोलंबिया, इक्वेडोर, मेक्सिको, पेरू, तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, विकणाऱ्या बायका ढकलगाडीत पातेलं गुंडाळून उभ्या. तिथून जवळच्या एका लायब्ररीच्या बेसमेंटमधे मंगळवार-गुरुवार संध्याकाळी मी अगदी नवशिक्यांना इंग्रजी शिकवते. फुकट. इथे आले तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट, नोकरीची परवानगी नाही, घरात बसून किती भांडी घासणार, तर कुणीतरी म्हणालं व्हॉलंटियर म्हणून जा, आणि गेले. आता वर्क परमिट आहे, नोकरी आहे, दमायला होतं, तरी ते दोन दिवस सुटत नाहीत.

माझी पात्रता म्हणाल तर मराठी मीडियम. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासूनचं 2000 साली आलं, आम्ही त्याच्या आधीच्या बॅचचे. बाईंनी फळ्यावर बारा काळांचा तक्ता काढला होता आणि तो आम्ही पाढ्यांसारखा पाठ केला होता, व्ही वन, व्ही टू, व्ही थ्री, गो वेन्ट गॉन. तक्त्यात मला पैकीच्या पैकी मार्क. इथे आल्यावर बसमधे ड्रायव्हरला एक वाक्य धड बोलता येईना, ती गोष्ट वेगळी.

तर पहिल्या दिवशी मी तोच तक्ता काढला. चौदा माणसं समोर. कुणी दिवसभर किचनमधे कांदे कापून आलेलं, कुणी दुसऱ्यांची घरं साफ करून, एकाच्या बुटांना सिमेंट. सगळ्यांनी मुकाट्याने तक्ता उतरवून घेतला आणि मग ओळख करून द्यायची वेळ आली तर पहिलीच बाई उठून म्हणाली, "आय हॅव थर्टी-फाइव्ह इयर्स."

कुठे आहेत तुझी पस्तीस वर्षं, पर्समधे? हे अर्थात मनात. पण स्पॅनिशमधे वय असंच सांगतात, तेंगो त्रेइंता ई सिंको आन्योस, माझ्याकडे पस्तीस वर्षं आहेत. भूकही 'असते', तहान 'असते', झोप, थंडी, भीती, सगळं त्या माणसाच्या मालकीचं. आपल्याकडे मालकीबिलकी काही नाही, आपल्याला भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, आणि तिसावं पण लागतंच. बाहेरून येऊन चिकटल्यासारखं. आणि इंग्रज? तो स्वतःच भूक होऊन बसतो, आय अ‍ॅम हंग्री. हे डोक्यात आल्यावर मला त्या 'आय हॅव हंगर'चं हसू येईनासं झालं. ते चुकत नव्हते, आपलंच घर इंग्रजी विटांनी बांधत होते.

मग मी तक्ता ठेवला बाजूला आणि चुका लिहायला लागले. एक वहीच केली आहे.

वहीत पहिल्या पानावर आहे 'इज रेनिंग'. इट कुठे गेलं? मी म्हटलं इट इज रेनिंग म्हणायचं, तर इक्वेडोरच्या एक आजी आहेत, त्यांनी विचारलं, "हू इज इट?" आता काय सांगू. स्पॅनिशमधे पाऊस पडतोय हे एका शब्दात होतं, क्रियापदाच्या शेवटावरूनच कोण ते कळतं, म्हणून कर्ता सर्रास गाळतात, आपणही गाळतोच, 'जेवलास?' 'जेवलो' एवढ्यात संभाषण होतं. इंग्रजीत क्रियापदाचे शेपूट झिजून गेलंय, म्हणून पुढच्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं लागतंच, कुणी नसेल तर बुजगावणं बसवतात, ते इट. आजींना बुजगावणं लगेच कळलं, त्यांच्या गावी मक्याच्या शेतात असतं. या आजींची गंमत म्हणजे स्पॅनिशही त्यांची दुसरी भाषा, घरी लहानपणी किचवा, तिकडच्या मूळ रहिवाशांची भाषा. म्हणजे इंग्रजी तिसरी. आणि इथे लोक त्यांना म्हणतात की यांना भाषा येत नाही.

'आय अ‍ॅम बोरिंग' दर आठवड्याला एकदा होतंच. स्पॅनिशमधे 'असणे'ची दोन क्रियापदं, एक सेर, मूळचं असणं, आणि एक एस्तार, सध्याचं असणं. तोच शब्द, सेर लावला की माणूस कंटाळवाणा, एस्तार लावला की कंटाळलेला. लिस्तो हा शब्द घ्या, सेरबरोबर हुशार, एस्तारबरोबर नुसता तयार. इंग्रजीत एकच 'टू बी', त्यामुळे सगळा भार बोरिंग आणि बोअर्ड या शब्दांवर येतो. आपल्याकडे हुबेहूब नाही पण 'तो घरी आहे' आणि 'तो घरी असतो' यातला फरक कुठल्याही मराठी पोराला न शिकवता कळतो की नाही, तसंच काहीसं.

आणि मग डू. देवा रे डू. स्पॅनिशमधे 'तू इथे काम करतोस' आणि 'तू इथे काम करतोस?' यात शब्द तेच राहू शकतात, फक्त आवाज वर. त्यामुळेच तर लिहिताना वाक्याच्या सुरुवातीलाच उलटं प्रश्नचिन्ह टाकतात, ¿ असं, म्हणजे वाचणाऱ्याला आधीच कळावं की आवाज चढवायचाय. 1754 मधे त्यांच्या भाषेच्या अकादमीने तो नियम केला, आणि मला विचाराल तर फार शहाणपणाचा नियम आहे, आपण लांबलचक वाक्य सपाट वाचत जातो आणि शेवटी प्रश्नचिन्ह दिसल्यावर परत मागे येतो. इंग्रजीने मात्र पुढे डू आणून ठेवलाय. एकाने विचारलं, डू म्हणजे करणे ना, मग डू यू वर्क म्हणजे तू काम करणं करतोस का? मी म्हटलं अर्थ नको शोधूस, आमच्या मराठीत शेवटी 'का' लागतो तसा हा पुढे लागतो. पण हा 'का' जरा जास्त कामाचा आहे, काळ पण हाच उचलतो. डू, डझ, डिड. म्हणून 'डिड यू वेन्ट' चूक, 'शी डझन्ट वर्क्स' चूक. मी टेबलावरची माझी भाजीची पिशवी उचलून दाखवली. पिशवी एक. डिडने घेतली तर गो रिकाम्या हाताने चालेल. दोघांनी दोन बाजूंनी धरायची नाही. तेव्हापासून क्लासमधे कुणी 'डिडन्ट एट' वगैरे काही बोललं की मागून कुणीतरी ओरडतं, "टू बॅग्स!"

एक गोष्ट मला कळायला मात्र दोन वर्षं गेली. सिमेंटच्या बुटांचा गृहस्थ सतत म्हणायचा, 'यस्टर्डे आय वर्क', आणि मी सतत म्हणायचे वर्क्ड, वर्क्ड, एकदा तर चिडले सुद्धा. मग त्याची वही बघितली तर प्रत्येक ठिकाणी ईडी व्यवस्थित. त्याला भूतकाळ येत होता हो, तोंडाला येत नव्हता. स्पॅनिश शब्दाच्या शेवटी अशी व्यंजनांची गर्दी होत नाही, क आणि ट एकमेकांना चिकटून संपणारा शब्द त्यांच्या जिभेला माहीतच नाही, मग एकतर ते 'वर्केड' म्हणतात नाहीतर शेवटचा ट गिळतात. सुरुवातीच्या स चं तसंच, एस्कूल, एस्टॉप. आपल्याकडे इस्कूल, इस्टाप म्हणणाऱ्या माणसांना आम्ही शाळेत किती हसायचो ते आठवून त्या दिवशी जरा कसंतरीच झालं. गिळलेल्या ट ला व्याकरणाची चूक समजून मी दोन वर्षं त्या माणसाला तोच धडा परत परत शिकवत होते.

पण सगळ्यात मोठी फजिती माझी झाली ती सिन्सवर. वहीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, 'आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स', स्पॅनिश चूक. कारण त्यांच्याकडे पाच वर्षांपूर्वी सुरू झालेली आणि अजून चालू असलेली गोष्ट सरळ वर्तमानकाळात सांगतात, राहतो ना अजून, मग वर्तमानकाळच. बरोबरच आहे. मी शिकवलं की इथे हॅव लिव्हड आणि फॉर. आणि ब्रेकमधे लायब्ररीची बाई, जन्मापासून इथलीच, मला म्हणाली तुझं इंग्रजी छान आहे गं, किती वर्षं झाली इथे. मी म्हटलं, "आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स नाइन इयर्स."

मागे कॉफी घ्यायला उभी असलेली माझ्या वर्गातली, कोलंबियातल्या बोगोताची मुलगी काही बोलली नाही. नुसतं बघितलं. परत वर्गात आल्यावर वहीत 'स्पॅनिश चूक' खोडून 'स्पॅनिश आणि मराठी चूक' केलं. पाच वर्षांपासून राहतेय, आपलंही तेच की. बारा काळांचा तक्ता पाठ असून नऊ वर्षं मी ऑफिसात, डॉक्टरकडे, पोराच्या शाळेत हेच वाक्य म्हणत होते आणि सगळे माना डोलवत होते.

तिथून पुढे मी मराठी वापरायला लागले. म्हणजे त्यांच्यासमोर मराठी बोलले नाही, पण डोक्यात मराठीला विचारून मग शिकवायचं. उदाहरणार्थ स्पॅनिशमधे भूतकाळ दोन, एकदाच घडून गेलेल्याचा वेगळा आणि नेहमी घडायचं त्याचा वेगळा. आई म्हणाली आणि आई म्हणायची. दीहो आणि देसीआ. इंग्रजी पुस्तकात दोन्हीला सेड लिहून मोकळे होतात आणि स्पॅनिश माणूस त्या सेडपाशी अडखळतो, कारण त्याच्या आईने ते एकदा म्हटलं की रोज म्हणायची हे न सांगता वाक्य पूर्णच होत नाही. आपलंही नाही होत. 'आमच्या आजी पहाटे उठायच्या' ऐवजी 'आजी पहाटे उठल्या' म्हणून बघा, लगेच पुढे विचारतील, का हो, काय झालं? तर मी त्यांना यूज्ड टू पुस्तकातल्या धड्याच्या फार आधी देऊन टाकला, तिसऱ्याच आठवड्यात. त्या दिवशी वर्ग संपता संपेना. माय ग्रँडफादर यूज्ड टू हॅव अ हॉर्स. वुई यूज्ड टू वॉक टू अवर्स टू स्कूल. इक्वेडोरच्या आजी, ज्या एरवी एका शब्दात उत्तर देतात, त्यांनी सलग सात वाक्यं सांगितली, सगळी यूज्ड टूची, सातवं होतं 'आय यूज्ड टू सिंग'. मग म्हणाल्या, "फिनिश."

उलट एव्हर-नेव्हरचा धडा कंटाळवाणा वाटतो, पण त्याच्यावाचून गत्यंतर नाही, कारण नागरिकत्वाच्या अर्जात हॅव यू एव्हर, हॅव यू एव्हर अशी प्रश्नांची रांगच्या रांग असते, कधी अटक झाली आहे का, कधी खोटं सांगितलं आहे का, आणि इंटरव्ह्यूला ऑफिसर ते तोंडी विचारतो. शिवाय तीनपैकी एक वाक्य वाचून दाखवायचं, तीनपैकी एक लिहायचं. वय 50 आणि ग्रीन कार्डवर 20 वर्षं, किंवा 55 आणि 15, असं असेल तर इंग्रजीतून सूट मिळते, बाकीच्यांना सहसा सुटका नाही. सराव करताना मी एका बाईंना विचारलं, हॅव यू एव्हर बीन अरेस्टेड? त्या ठामपणे म्हणाल्या, "येस, नेव्हर!" येस म्हणजे प्रश्न कळला, नेव्हर म्हणजे उत्तर. पंधरा मिनिटं फक्त त्या येसवर घालवली.

तसंच एक अ‍ॅक्च्युअली. 'अ‍ॅक्च्युअली आय वर्क इन अ बेकरी' असं कुणी म्हणालं तर आपल्याला वाटतं आधी काहीतरी खोटं सांगितलं होतं आणि आता खरं सांगतोय. तसं नसतं, आक्तुआल्मेंते म्हणजे सध्या. बिचारा फक्त सध्या बेकरीत असतो.

असो. तर मंगळवारी साडेआठला सगळे गेले आणि पुएब्लाचा तो मुलगा मोबाईल घेऊन थांबला. एका रेस्टॉरंटच्या किचनमधे भांडी आणि कापाकापी करतो. मालक आपल्याकडचा की अजून कुठला ते मी विचारलं नाही, 74व्या स्ट्रीटच्या इतक्या जवळ राहून असले प्रश्न न विचारलेले बरे.

मी कागद घेतला आणि एकाखाली एक तीन वाक्यं लिहिली. यू डोन्ट पे मी फॉर सॅटर्डे. यू डिडन्ट पे मी फॉर सॅटर्डे. यू हॅवन्ट पेड मी फॉर सॅटर्डे.

पहिल्याचा अर्थ तू शनिवारचे पैसे देत नाहीस, कधीच, तुझी ती पद्धतच आहे. म्हटलं असं आहे का? नाही नाही, तो म्हणाला, वन सॅटर्डे. गेला शनिवार, डबल शिफ्ट. बरं, मग दुसरं, डिडन्ट, दिले नाहीस. झालं गेलं, हिशेब बंद, आता भांडण. तिसरं, दिलेले नाहीस. म्हणजे अजून दार उघडं आहे, आज दिलेस तरी चालेल, मी काही आरोप करत नाहीये. खाली येट जोडलं तर अजूनच मऊ.

तो कागदाकडे बघत राहिला. आणि मग स्वतःशीच म्हणाला, "तोदाविआ नो मे पागा."

आणि मला एकदम कळलं. तोदाविआ म्हणजे अजून, आणि पागा हा वर्तमानकाळ. मेक्सिकोत 'अजून नाही' म्हणायचं तर सरळ वर्तमानकाळ वापरतात, बस अजून आलेली नाही याला तोदाविआ नो येगा, आपल्याला ते 'ये गं' ऐकू येतं. म्हणजे त्याने मेसेजमधे डोन्ट लिहिलं ते काळ येत नाही म्हणून नव्हे, त्याच्या भाषेत तेच वाक्य मुळात 'अजून'चं होतं, आणि इंग्रजीत येताना तोदाविआ रस्त्यात गळून गेला आणि मागे उरला तो धडधडीत आरोप. तसाच पाठवला असता तर मालकाने वाचलं असतं की तू पैसे बुडवणारा माणूस आहेस.

आणि पागा म्हणजे पागार, पैसे देणे. पगार! हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला हे वाचलेलं होतं, चावी, बटाटा, पाव यांच्याबरोबर, पण वाचलेलं असणं वेगळं आणि समोरच्या माणसाच्या तोंडून, त्याचा अडकलेला असताना, ऐकणं वेगळं. मी त्याला सांगितलं की आमच्या भाषेत पण पगारच म्हणतात. "इन इंडिया? पागार?" त्याला खोटंच वाटलं. मग म्हणाला, "अँड दे पे?"

मग प्रश्न आला की या तिघांत जास्त आदराचं कुठलं. त्याच्याकडे तू आणि उस्तेद असं दोन पातळ्यांचं असतं, आपल्या तू-तुम्ही सारखं, आणि तो बॉसला उस्तेदच म्हणतो. इंग्रजीत नुसतं यू. म्हटलं इथे आदर सर्वनामात नसतो, काळात असतो. हे वाक्य कुठल्या पुस्तकात नाही आणि खरं आहे का तेही बघायला पाहिजे, पण तेव्हा मला ते पटलं. आय वॉन्ट पेक्षा आय वॉन्टेड टू आस्क मऊ लागतं, विल यू पेक्षा वुड यू मऊ लागतं, काळ एक पाऊल मागे घेतला की समोरच्याला जरा जागा होते. त्याने तिसरं वाक्य निवडलं, पुढे हॅलो सर, शेवटी येट आणि थँक यू. थँक यू कशाबद्दल, मी म्हटलं. त्याने खांदे उडवले. नोकरी टिकवायची आहे ना.

पाठवलं. मी खुर्च्या रचायला घेतल्या, तो पण हात लावायला आला, बेसमेंटचे दिवे एकेक करून बंद करत होतो तेवढ्यात मोबाईल वाजला. बॉसचं उत्तर. तीन शब्द. विल पे यू, त्यातही यू म्हणून नुसतं एक अक्षर.

"विल," तो खूष होऊन म्हणाला, "फ्यूचर!"

फ्यूचर, बरोबर. गोइंग टू त्यांना लगेच येतो कारण स्पॅनिशमधे तसंच आहे, वोय आ त्राबाहार, काम करायला जातोय म्हणजे करणार आहे. विल मात्र मी अजून नीट शिकवला नव्हता. म्हणून जिन्यातच सांगायला लागले, की बघ, गोइंग टू म्हणजे ठरलेलं आहे, आणि विल म्हणजे आत्ता या क्षणी मनात आलं, कबूल केलं, पण त्यात तारीख नसते, आमच्याकडे माणूस घरात लुंगीवर बसून फोनवर सांगतो 'निघालो, निघालो' तसंच काहीसं, तुमच्याकडे नाही का आओरिता म्हणतात, आओरिता म्हणजे आत्ता लगेच पण असू शकतं आणि संध्याकाळी पण...

त्याचं लक्ष नव्हतं. जिन्यातच थांबून टाइप करत होता. वाकून बघितलं तर एकच शब्द, व्हेन, मागे प्रश्नचिन्ह आणि पुढेही, उलटं. ते पुढचं काढून टाक म्हणून सांगणार तोवर त्याने पाठवून टाकलं होतं.